किल्ली खिशात, गाडी बंद: किनाऱ्यावर स्मार्ट की रुसली तर

गुहागरला आमच्या घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. पाहुणे बहुतेक पुण्या-मुंबईचे, गाड्या नव्या, आणि किल्ल्या म्हणजे काळे गुळगुळीत गोटे, नुसते खिशात असले तरी गाडी उघडणारे, म्हणून 'स्मार्ट की'. पावसाळ्यात अधूनमधून सकाळी चहाच्या आधीच कोणीतरी पडवीत येऊन उभं राहतं. "काका, गाडी उघडत नाहीये." कंपनीचं वर्कशॉप चिपळूणला, म्हणजे इथून साधारण ४५ किलोमीटर. सुरुवातीला मी लगेच टो करणाऱ्याला फोन लावायचो. आता आधी चहा टाकतो, कारण बहुतेक वेळा दोष शंभर रुपयांच्या आतला असतो. तो नेमका कुठे आहे हे शोधायचं असतं: किल्लीत, गाडीत, की दोघांच्या मधल्या हवेत. ज्यांनी अशी गाडी नुकतीच घेतली आहे आणि ती घेऊन किनाऱ्याकडे यायचा बेत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. आत लहान मूल अडकलं असेल आणि गाडी उन्हात असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका. ११२ लावा आणि मुलापासून सर्वात लांबची बाजूची काच फोडा. पुढच्या मोठ्या काचेच्या नादी लागू नका. ती दोन थरांची असते, तडकते पण पडत नाही.

आधी आत शिरा

बहुतेक स्मार्ट कींच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली असते. निम्म्या लोकांना ती माहीतच नसते. किल्लीच्या कडेला छोटी खिटी असते, ती सरकवून किंवा दाबून धरली की पातं बाहेर ओढता येतं. कुलूप ड्रायव्हरच्या दारावर असतं. तिथं भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकाची प्लास्टिकची टोपी बघा. खालून बोट फिरवलं की बारीक खाच लागते. त्या खाचेत पातं घालून टोपी हलकेच उचलली की आत भोक असतं.

अशी उघडल्यावर पुष्कळ गाड्या बोंब मारायला लागतात, कारण रिमोटशिवाय दार उघडलं म्हणजे चोर आला असं तिला वाटतं. लाजू नका, शेजारी बघून जातील. गाडी सुरू झाली की आवाज थांबतो.

किल्लीतला सेल पार मेला असला तरी गाडी सुरू करता येते. ब्रेक (गिअरची गाडी असेल तर क्लच) दाबा, किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा, आणि त्याच किल्लीच्या टोकाने बटण दाबा. किल्लीत एक चिप असते, तिला सेल लागत नाही. बटणाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला हवी तेवढी वीज मिळते. काही गाड्यांत ही जागा बटणाऐवजी कप ठेवायच्या खोबणीत किंवा मधल्या कप्प्यात असते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ते पान शोधून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गंमत म्हणजे ते पुस्तक नेमकं बंद गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं.

आता किनाऱ्यावरची अडचण. ते कुलूप वर्षानुवर्षं कोणी वापरलेलं नसतं आणि खाऱ्या हवेने आतून धरलेलं असतं. जोर लावलात तर पातं पिळवटेल. किल्ली आत-बाहेर करा, थोडी थोडी फिरवून बघा. ग्राफाइटची भुकटी किंवा कुलपासाठीचा स्प्रे मिळाला तर उत्तम. खोबरेल नको. आमच्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर खोबरेल हा उपाय असतो, पण ते साधारण २४ अंशाखाली गोठतं आणि एरवीही धूळ-वाळू धरून ठेवतं. थंडीत पहाटे ते कुलूप आणखी घट्ट बसतं. त्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांतून एकदा त्या कुलपात मुद्दाम किल्ली फिरवत जा.

नेमकं काय चालत नाहीये ते बघा

स्मार्ट की दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी काम करते, आणि ते कळलं की अर्धा शोध संपतो. किल्लीवरचं बटण दाबता तेव्हा किल्लीच गाडीला हाक मारते, भारतात साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर, आणि ती हाक बऱ्याच लांबून ऐकू जाते. बटण न दाबता हँडलला हात लावता तेव्हा उलटं होतं. आधी गाडी हळू आवाजात, सुमारे १२५ किलोहर्ट्झवर, "कोण आहे?" असं विचारते. तो आवाज एक-दीड मीटरच्या पुढे जात नाही. खिशातल्या किल्लीला तो ऐकू गेला तर ती उत्तर देते आणि दार उघडतं.

त्यामुळे पडवीत आलेल्या पाहुण्याला मी पहिला प्रश्न विचारतो: बटणाने उघडते का?

बटणाने उघडते पण हँडलने नाही, तर किल्लीचा सेल बहुधा बरा आहे. किल्ली आणि मोबाइल एकाच खिशात आहेत का बघा. मोबाइल चिकटून असला की किल्लीला गाडीचा हळू आवाज ऐकू येत नाही. दुसऱ्या खिशात टाकून पुन्हा हँडल धरा. तरीही नाही, तर हँडलवरचं काळं रबरी बटण बघा. आमच्याकडच्या उन्हाने ते तडकतं आणि भेगेतून पाणी शिरतं. पुसून, वाळू काढून, एक दिवस कोरडं राहू दिलं तर कधी कधी आपोआप चालू होतं. आणि गाडी आठ-पंधरा दिवस हललेली नसेल, तर काही गाड्या बॅटरी वाचवायला हँडलची सोय स्वतःच झोपवून टाकतात. एकदा बटणाने उघडली की जाग येते.

बटणाने इंडिकेटर लुकलुकतात पण दार उघडत नाही, तर किल्लीला बोल लावू नका. हाक पोचली आहे, दुखणं दारात आहे.

काहीच होत नाही, तर दुसरी किल्ली आणा. दुसरीने उघडली तर पहिली आजारी. दुसरी किल्ली घरी मुंबईला कपाटात असेल (ती नेहमी तिथेच असते), तर गाडीच्या अगदी काचेजवळ उभं राहून बटण दाबा. जवळून चालते आणि लांबून नाही, म्हणजे सेल मरायला टेकलाय. किल्ली हनुवटीला टेकवून बटण दाबलं तर हाक थोडी लांब जाते. डोक्यातल्या पाण्यामुळे डोकंच अँटेनासारखं वागतं. दिसायला वेडेपणा आहे, पण अंदाज घ्यायला उपयोगी.

आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून किल्लीचा लाइट बघायच्या भानगडीत पडू नका. ती युक्ती टीव्हीच्या रिमोटची. त्यातून इन्फ्रारेड प्रकाश निघतो, किल्लीतून रेडिओ लहर निघते. ती कोणत्याच कॅमेऱ्यात दिसत नाही. किल्लीवरचा बारीक दिवा लागला म्हणजे सेल ठणठणीत, असंही धरून चालू नका. दिवा लावायला लागते त्यापेक्षा हाक मारायला जास्त ताकद लागते.

सेल बदलताना

सेलवर सीआर २०३२, सीआर २०२५ किंवा सीआर १६२० असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिले दोन आकडे व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणजे २०३२ हा २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. २०३२ च्या जागी २०२५ बसवून वर कागदाची घडी घालणारे मी पाहिलेत. दोन दिवस चालतं, मग वेळणेश्वरच्या चढावर एका धक्क्यात संपर्क सुटतो. जो नंबर असेल तोच घ्या.

दुकानात सुटा सेल घेऊ नका. गावातल्या घड्याळाच्या दुकानात काचेखालच्या डबीत पडलेले सेल किती पावसाळे बघून आलेत ते दुकानदारालाही सांगता येणार नाही. पाकिटबंद घ्या आणि मागची तारीख वाचा. मुलांनी गिळू नये म्हणून हल्ली काही सेलना कडू लेप असतो. काही किल्ल्यांत तो लेप संपर्क होऊ देत नाही, आणि नवा सेल घालूनही किल्ली मुकीच राहते. तसं झालं तर सेल स्पिरिटने पुसून पुन्हा बसवून बघा.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पातं आधी काढून ठेवा. त्याच्या जागी आत एक खाच दिसते, तिथे फडक्यात गुंडाळलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर किंवा जुनं नाणं घालून हलकेच पिळा. 'टक्' करून दोन फाका होतात. लगेच सेल उपटू नका, आधी फोटो काढा. अधिकची बाजू वर की खाली हे प्रत्येक किल्लीत वेगळं असतं आणि दहा मिनिटांनी कोणालाच आठवत नाही. जुना सेल लाकडी टूथपिकने उचला, आतल्या सर्किटच्या हिरव्या पाटीला ओरखडा पडू देऊ नका. नवा सेल कडेने धरा. दोन्ही चपट्या बाजू बोटांत किंवा लोखंडी चिमट्यात धरल्या तर बोटांचं तेल लागतं, आणि चिमट्याने तर शॉर्टच होतो.

किनाऱ्यावर खरं काम इथे सुरू होतं. सेल ज्या पितळी पट्ट्यांना टेकतो त्यांच्याकडे उजेडात नीट बघा. हिरवट किंवा पांढरट पूड दिसली तर नवा सेल घालूनही फरक पडणार नाही. मागच्या वर्षी एका पाहुणीने चिपळुणात दोन सेल बदलून घेतले होते, तरी किल्ली मुकी. उघडली तर एका पट्टीवर मोरचूद साचल्यासारखा हिरवा ठिपका होता, मोहरीएवढा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळणाऱ्या आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कानाची काडी बुडवून ती पट्टी पुसली, वरून साध्या खोडरबराने दोन वेळा घासली, आणि किल्ली चालू झाली. पॉलिश पेपर वापरू नका, पट्टीवरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येतो. पट्टी दबून सपाट झाली असेल तर टूथपिकने केसभर वर उचला. बंद करताना कडेची रबरी रिंग खोबणीत बसली आहे ना हे बघा. ती सुटली की पुढच्या सरीत पाणी आत.

मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली गेला असेल तर बदलायचा. पण मीटरवर ३ दाखवणारा जुना सेलही बटण दाबलं की बसतो, तेव्हा शंका असेल तर मीटरशी वाद घालू नका, नवा घालून बघा.

काढलेला सेल टेबलावर टाकून उठू नका. असा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही.

समुद्रात गेलेली किल्ली

बर्मुडाच्या खिशात किल्ली ठेवून लाटेत उतरणारा पाहुणा दर मोसमात एक तरी असतो. साध्या पाण्यात पडलेली किल्ली बऱ्याचदा वाचते. समुद्राचं पाणी वेगळं. मीठ वीज वाहून नेतं आणि सेल आत असेपर्यंत पट्ट्या खात राहतं. म्हणून पहिलं काम सेल बाहेर काढणं, हॉटेलवर जाऊन नव्हे, तिथेच वाळूवर. बटण दाबून "चालते का" हे बघायचा मोह आवरा.

मग, उलटं वाटेल, पण ती किल्ली पुन्हा भिजवायची. पाटी बाहेर निघत असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीच्या दुकानात बाटली मिळते), ते नसेल तर पिण्याच्या पाण्यात खळबळून मीठ काढायचं. झटकून वर आयपीए फिरवायचं आणि सावलीत, पंख्याखाली, एक-दोन दिवस उघडी ठेवायची. आमच्या हवेत दोन दिवसच धरा. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली प्लास्टिक वाकतं. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने मीठ जात नाही, फक्त तांदूळ खारट होतात. सुकल्यावर नवा सेल. चारपैकी दोन-तीन किल्ल्या अशा मी परत आणल्या आहेत, त्याहून जास्त बढाई मारणार नाही.

गाडीचीच बॅटरी बसली असेल तर

गणपतीला आणलेली आणि मग गावच्या घरी ठेवून दिलेली गाडी दिवाळीत उघडत नाही, तेव्हा किल्लीकडे बघूच नका. पात्याने दार उघडा. आतला दिवा लागला नाही किंवा मिणमिणता लागला, तर १२ व्होल्टची मोठी बॅटरी उतरली आहे. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.८ च्या आसपास ती रिकामीच समजा.

बॉनेट आतल्या खटक्याने उघडतं, त्याला वीज लागत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर आधी वजा बाजू सोडवा, मग अधिक. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, लावताना उलट क्रम, आणि वरून व्हॅसलिनचा हात. बॅटरी सुटली म्हणून किल्लीची ओळख पुसली जात नाही, ही भीती उगाच असते.

जंप देताना, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर ही गाडी सुरू करताना, लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना याच्या उलट.

एक सवय मोडा. ओटीवर गाडीच्या अगदी जवळच्या खुंटीला किल्ली अडकवून ठेवायची. गाडी आणि किल्ली रात्रभर एकमेकींना विचारत राहतात आणि दोघींच्या बॅटऱ्या उतरतात. चार-पाच मीटर लांब, आतल्या खोलीत ठेवा.

हवेतला गोंधळ

आता माझी फजिती. एका जुलैत आमच्या अंगणात तीन गाड्या होत्या, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि एकाच सकाळी तिन्ही उघडेनात. सेल बदलले, बॅटऱ्या तपासल्या, सगळं ठीक. शेवटी एकाची गाडी पात्याने उघडून बाहेर रस्त्यावर नेली, तर तिथे बटण झकास चालतंय! परत अंगणात आणली की मुकी. अंगणात असं काय आहे जे रस्त्यावर नाही?

दाराची वायरलेस बेल. बाहेरच्या खांबावर लावलेलं तिचं बटण पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात आत दबून अडकलं होतं. ते रात्रभर हाक मारत होतं, तेही गाड्यांच्याच ४३३ मेगाहर्ट्झवर. आतली बेल वाजत नव्हती, कारण तिचे सेल महिनाभर संपलेले आणि मी ते घातले नव्हते. बटणातला सेल काढला, तिन्ही गाड्या पटापट उघडल्या. पाहुण्यांना मी "दमट हवा" असं सांगितलं. आता दाराला पितळी घंटा आहे.

तेव्हा नव्या जागी गाडी उघडेना, तर ती (किंवा किल्ली) २०-३० मीटर सरकवून बघता येते का पाहा. बेल, गेटचं रिमोट, स्वस्त एलईडी दिवे, गाडीतला मोबाइल चार्जर किंवा डॅशकॅम, टॉवर, यांपैकी काहीही आड येऊ शकतं. किल्ली पत्र्याच्या डब्यात किंवा चांदीच्या कागदात असेल तर हाक बाहेरच पडत नाही, मग दोष कोणाला देणार?

मुलांनी मामाच्या घरी, गाडीपासून लांब, शेकडो वेळा बटण दाबून खेळ केला असेल तरी गडबड होते. प्रत्येक दाबाला किल्ली पुढचा नवा आकडा पाठवते, आणि गाडी फार मागे राहिली की ती किल्लीला ओळखत नाही. गाडीजवळ दोन-तीनदा सलग दाबून बघा, नाहीतर पात्याने उघडून एकदा गाडी सुरू करा. बहुतेक वेळा जुळतं.

दार, वायर आणि शेवटी वर्कशॉप

इंडिकेटर लुकलुकतात आणि एकच दार अडतं, तर त्या दाराला कान लावा. आतून 'टक्' असा आवाज येतो पण खटका सुटत नाही, म्हणजे खटक्यात वाळू किंवा गंज. आवाजच नाही, म्हणजे आतली छोटी मोटर किंवा तिची वायर. दार आणि खांब यांच्यामध्ये रबरी नळी असते, तिच्यातल्या वायरी उघडमिटीने तुटतात, आणि आगरात उभ्या केलेल्या गाड्यांत उंदीरही आपला वाटा घेतात. सगळीच दारं गप्प असतील तर सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज बघा. त्याचा नंबर पुस्तकात असतो, आणि त्याच अँपिअरचा फ्यूज घालायचा, मोठा नाही.

इतकं करूनही दुसऱ्या किल्लीने गाडी उघडते आणि पहिलीने नाही, तर पहिलीचं प्रोग्रॅमिंग करावं लागेल. ते घरी होत नाही, स्कॅनर लागतो. जाताना आरसी, ओळखपत्र आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या न्या. एक किल्ली जोडताना जी समोर नसेल ती काही गाड्यांच्या यादीतून पुसली जाते, आणि मग मुंबईच्या कपाटातली किल्ली घेऊन पुन्हा तीच फेरी. नवी किल्ली काही हजारांत जाते, म्हणून जुनी उघडून पट्ट्या पुसल्या होत्या का हे वर्कशॉपात आधी विचारा. चिपळूणला निघण्यापूर्वी सुरू झालेली गाडी वाटेत बंद करू नका, चहाला थांबलात तरी एकाने आत बसा.